कुटुंबाची माहिती : तिचे मोल आणि तिची राखण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून, ‘हा संगणकवाल्यांचा विषय ज्ञातीच्या संमेलनात कशाला?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर उद्याच्या सर्वसाधारण सभेच्या कामकाजात आहे. आपली कुटुंबसूची आणि वधूवरसूची आजवर पुस्तकरूपाने निघत आली. ती ह्यापुढे मोबाईलवरील ॲपच्या रूपाने काढावी, असा ठराव सभेपुढे यावयाचा आहे. ॲप तयार करण्याचा खर्च मंडळावर पडणार नाही. एक व्यापारी संस्था ते काम विनामूल्य करून देण्यास सिद्ध आहे. तिची अट इतकीच की, सर्व माहिती तिच्या संगणकांवर राहील आणि ‘सेवा सुधारण्यासाठी’ तिचा उपयोग करण्याची तिला मुभा असेल. ठरावाच्या मूळ हेतूशी आमचे भांडण नाही. नोकरीधंद्यानिमित्त आपली माणसे बंगळूर, दुबई, न्यू जर्सी येथवर पांगली आहेत आणि पुस्तक त्यांच्या हाती पोहोचेपर्यंत निम्म्यांचे पत्ते बदललेले असतात. ॲप अवश्य व्हावे. परंतु त्या अटीतील चार शब्दांचा अर्थ नीट कळल्यावाचून कोणी हात वर करू नये, एवढ्यासाठी आम्ही आपला थोडा वेळ घेणार आहोत.

आपल्या सूचीत आहे तरी काय, ते प्रथम पाहू. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, कुलदैवत, सध्याचा पत्ता, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पत्नीचे नाव व माहेरचे आडनाव, मुलांची नावे व जन्मतारखा, दूरध्वनी. वधूवरसूचीत ह्याहून अधिक : जन्मवेळ व जन्मस्थळ, उंची, वर्ण, वेतन, घर स्वतःचे की भाड्याचे, भावंडे किती व त्यांतील परदेशी किती, आणि छायाचित्र. ह्यांतील एकही गोष्ट लाजिरवाणी नाही. हीच माहिती लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत विचारून घेतो आणि आपण ती आनंदाने सांगतो.

पण बँकेत जाऊन पाहा. खातेदाराची ओळख पटविण्यासाठी विचारले जाणारे प्रश्न कोणते असतात? जन्मतारीख कोणती, आईचे माहेरचे आडनाव काय, जन्मगाव कोणते. ह्या प्रश्नांची उत्तरे फक्त घरच्याच माणसाला ठाऊक असणार, ह्या समजुतीवर ते प्रश्न योजलेले आहेत. आपण ती उत्तरे घरोघरीच्या, अकारविल्हे लावलेल्या, छापील यादीत देत आलो आहोत. जे बँकेच्या दृष्टीने किल्लीसारखे आहे, ते आपल्या दृष्टीने सोयरिकीच्या बोलण्याचा आरंभ आहे. दोन्ही दृष्टी आपापल्या ठिकाणी योग्यच होत. घोटाळा होतो तो एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर.

तो घोटाळा कसा होतो हे अलीकडे घरोघरच्या वृद्धांना कळू लागले आहे. फोन येतो, बोलणारा स्वतःस पोलीस किंवा सीमाशुल्क खात्याचा अधिकारी म्हणवितो, आपले पूर्ण नाव, पत्ता, परदेशी असलेल्या मुलाचे नाव, सारे बिनचूक सांगतो, मुलाच्या नावे आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असून आपण आता ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात असे बजावतो, आणि कॅमेऱ्यासमोरून हलू न देता आयुष्याची पुंजी दुसऱ्या खात्यात भरावयास लावतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशाला सांगितले. असा प्रसंग आल्यास १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. परंतु त्या भामट्याचे सारे सामर्थ्य कशात असते ते पाहा. त्याच्या आवाजात नव्हे, त्याच्या गणवेशातही नव्हे. त्याला आपल्या मुलाचे नाव ठाऊक असते, ह्यात असते. अनोळखी मनुष्याच्या तोंडून आपल्या घरातले नाव ऐकले की शहाण्या माणसाचाही विवेक क्षणभर डळमळतो.

कोणी म्हणेल, याद्या का आजच्या आहेत? नाहीत. त्र्यंबकेश्वरास किंवा नाशिकास क्षेत्रविधीसाठी गेलेल्यांनी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव कोणते, आडनाव कोणते, एवढे विचारून उपाध्याय योग्य ती वही काढतात आणि पणजोबांनी कधी येऊन कोणाचे श्राद्ध केले तो मजकूर त्यांच्याच हस्ताक्षरात आपल्यासमोर ठेवतात. अशा वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हांस कधी भीती वाटली नाही. त्याचे कारण उघड आहे. वही एकच असते. ती एका घराण्याच्या ताब्यात असते. ती ज्या कामासाठी लिहिली त्याच कामासाठी उघडली जाते. आणि ज्याच्या कुळाची, त्याच्यापुढेच उघडली जाते. मागणाऱ्याला आधी स्वतःची ओळख सांगावी लागते. राखणीची सगळी तत्त्वे त्या एका रिवाजात आहेत, आणि ती घालून देणाऱ्यांनी संगणक पाहिला नव्हता.

छापील पुस्तकात ह्यांतील काही गळाले, तरी कागदाचा आळस आपल्या मदतीस होता. आठशे प्रतींच्या पुस्तकातून साठ वर्षांवरील एकाकी गृहस्थांची नावे वेचून काढावयाची म्हटली तर कोणा तरी मनुष्याने आठ दिवस बसून पाने चाळावयास हवीत. यंत्राला तेच काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. दुसरी गोष्ट, पुस्तक रद्दीत गेले तर एक प्रत जाते. यंत्रातील यादीची नक्कल झाली तर मूळ यादी जागच्या जागी असते, आणि चोरी झाली हे मालकाला कळतही नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे यंत्र दोन याद्या एकमेकींशी जुळविते. हे शेवटचे थोडे उलगडून सांगणे जरूर आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या विम्याचे काम पाहणाऱ्या कचेरीने रुग्णालयांतील उपचारांच्या नोंदी संशोधकांच्या उपयोगासाठी खुल्या केल्या. नावे आणि पत्ते काढून टाकले होते. केवळ जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि टपालाचा विभाग-क्रमांक एवढेच ठेवले होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड ह्यांनी, कोणाची ओळख पटण्याचा धोका नाही, असे लोकांना आश्वासन दिले. त्या वेळी लटान्या स्वीनी ही विद्यार्थिनी संगणकशास्त्राचा अभ्यास करीत होती. तिने वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नर त्याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले सहा मतदार निघाले. त्यांतील पुरुष तीन. आणि त्या तिघांत गव्हर्नरांच्या टपालविभागात राहणारा एकच, तो म्हणजे स्वतः गव्हर्नर. १९९७ साली तिने त्यांच्या आजारपणाच्या नोंदी अशा प्रकारे त्यांच्या नावाशी जोडून दाखविल्या. पुढे तिनेच दाखवून दिले की, अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ह्या तीन गोष्टींवरून एकटे ओळखता येण्याजोगे आहेत. एक यादी निनावी होती, दुसरी सर्वांना खुली होती. दोन निरुपद्रवी याद्यांच्या संयोगाने तिसरी उपद्रवी यादी जन्मास आली. आता आपल्या वधूवरसूचीतील जन्मवेळ मिनिटापर्यंत दिलेली असते हे ध्यानात घ्यावे. पत्रिका जुळविण्यासाठी ती लागते हे मान्य; पण इतकी सूक्ष्म खूण अंगावरच्या तिळालाही नसते.

येथवर भामटे आणि कुतूहल ह्यांविषयी बोललो. ह्याहून मोठी गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे. कारण तीत माणसांची यादी त्यांच्या जन्मजात समूहानुसार केली गेली होती.

हॉलंड हा देश आपल्या टापटिपीसाठी प्रसिद्ध. तेथे प्रत्येक नगरपालिकेत रहिवाशांची नोंदवही असे, आणि १९३६ च्या नियमांनंतर त्या नोंदवहीला सुट्या पत्रकांचे रूप देण्यात आले. प्रत्येक मनुष्याचे एक पत्रक. त्यावर नाव, जन्म, विवाह, धंदा, पत्ता आणि धर्मपंथ. मनुष्य एका गावाहून दुसऱ्या गावी राहावयास गेला की त्याचे पत्रकही मागोमाग जाई. व्यवस्था उत्तम होती आणि हेतू निर्मळ होता. पंथाची नोंद कोणाच्या वाईटासाठी नव्हती आणि देशात ज्यूंना कोणी परके मानीत नव्हते. म्हणून ज्यू कुटुंबांनी आपला धर्म बिनदिक्कत लिहविला.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने तो देश पाच दिवसांत घेतला. नोंदवह्या कोणाला तयार कराव्या लागल्या नाहीत. त्या तयारच होत्या. लोकसंख्या-नोंदणीचा मुख्य अधिकारी याकोबुस लेंट्स हा आपल्या कामात इतका निष्णात होता की, त्याने १९४१ मध्ये प्रचारात आणलेले ओळखपत्र खोटे बनविणे अतिशय कठीण होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ज्यूंनी स्वतःची स्वतंत्र नोंद करावी असा हुकूम निघाला आणि जवळजवळ सर्वांनी तो पाळला. कारण नगरपालिकेच्या पत्रकावर धर्म लिहिलेलाच असल्यामुळे न पाळून उपयोग नव्हता. ॲमस्टरडॅम नगरपालिकेने शहराचा नकाशा तयार केला. त्यावर ठिपके काढले होते, आणि एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. तो नकाशा काढणारे कारकून रोजच्या वेळेला कचेरीत येत, रोजच्या वेळेला घरी जात.

हॉलंडमधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. म्हणजे चारांतील तीन. शेजारच्या फ्रान्समध्ये हे प्रमाण चारांत एक असे होते. ह्या फरकाची इतिहासकार अनेक कारणे देतात. देश सपाट व लहान, लपावयास डोंगर-अरण्य नाही, पळावयास सीमा नाही, आणि जर्मन अंमल अधिक कडक, ही त्यांतील काही होत. पण नोंदवहीचा नेटकेपणा हे कारण त्यांत असतेच. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार, शिल्पकार, विद्यार्थी अशा काही देशभक्तांनी पोलिसांचे पोशाख चढवून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी-कचेरीत प्रवेश केला, पहारेकऱ्यांना इजा न करता बाहेर नेले आणि पत्रकांना आग लावली. आग विझविण्यास आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम वेळ लावला, आणि मग गरजेपेक्षा फार अधिक पाणी मारले, म्हणजे जे जळले नाही ते भिजून जावे. एवढे करून सुमारे १५ टक्केच पत्रके नष्ट झाली. पकडल्या गेलेल्यांपैकी बारा जणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. ज्या नोंदी चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी, चांगल्या राजवटीत केल्या होत्या, त्या जाळण्यासाठी बारा माणसांना प्राण द्यावे लागले.

आपल्या ॲपमुळे असा काही अनर्थ ओढवेल असे सुचविण्याचा आमचा मुळीच आशय नाही. तसे म्हणणे हा त्या मृतांचा उपमर्द होईल. आमचा मुद्दा लहान आहे. यादी करणाऱ्याचा हेतू यादीला चिकटून राहत नाही. यादी हस्तांतरित होते, हेतू मागे राहतो. व्यापारी संस्था आज एकाची, उद्या ती दुसरा विकत घेतो. आणि तिच्या संगणकावरील आपल्या मुलाबाळांची नावे त्या व्यवहारात खुर्च्या-टेबलांप्रमाणे मोजून दिली जातात.

त्याच हॉलंडात, त्याच नेटक्या लोकांच्या राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत आणखी एक गोष्ट घडली. मुलांना पाळणाघरात ठेवणाऱ्या नोकरदार आईबापांना तेथील सरकार साहाय्य देते. कोणता अर्ज संशयास्पद आहे हे ठरविण्यासाठी करखात्याने एक संगणकीय पद्धती बसविली होती, आणि तीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही ही एक खूण धरली होती. हजारो निरपराध कुटुंबांवर लबाडीचा आरोप आला. कित्येकांना काही वर्षांचे साहाय्य एकरकमी परत करण्याचे हुकूम सुटले. घरे गेली, संसार मोडले. माझा अपराध कोणता, असे विचारणाऱ्यास उत्तर देता येईल असा मनुष्य कचेरीत नव्हता, कारण ठरविले होते यंत्राने आणि यंत्र कारण सांगत नाही. तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये नागरिकत्वाचा हा वापर बेकायदा व पक्षपाती ठरविला, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे ह्यांच्या मंत्रिमंडळाने ह्या प्रकरणावरून राजीनामा दिला. ‘सेवा सुधारण्यासाठी उपयोग’ ह्या शब्दांत कायकाय मावू शकते, त्याची ह्यावरून कल्पना यावी. एखाद्या यंत्राला आडनाव, मूळ गाव, वस्ती आणि वेतन शिकविले की कर्ज कोणाला द्यावे, विम्याचा हप्ता कोणाला वाढवावा, हे ते स्वतःच्या हिशेबाने ठरवू लागते. आणि तो हिशेब आपल्याला दाखवीत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे काय, ह्याविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे १९५४ चे व १९६२ चे निर्णय नकारार्थी मानले जात. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी ह्यांनी ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ मध्ये, आधार योजनेविरुद्ध अर्ज केला. त्यातून निघालेल्या ह्या प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. ह्या वयात मनुष्य तीर्थयात्रेची यादी करतो. त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्यास मज्जाव झाला. असे असूनही कार्यालयाचे आरक्षण असो की भाड्याची खोली, आपण आधारपत्राची छायाप्रत मागेल त्याला देत सुटतो. शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. निदान ती द्यावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याच भाषेतली आहे.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्या नियमांनी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, सवड ठेवली. हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आमच्यासारख्या मंडळाला त्याचे काय, असे कोणी समजू नये. घरगुती कामासाठी आपल्या मोबाईलात नातेवाइकांचे पत्ते ठेवणाऱ्या व्यक्तीला तो लागू नाही. पण व्यक्तींच्या मंडळाला लागू आहे, आणि कागदावरची माहिती पुढे यंत्रात घातली तरीही लागू आहे. कायदा काय सांगतो? माहिती कशासाठी घेत आहात ते आधी स्पष्ट सांगा. मागणाऱ्यास ते मराठीत वाचावयास मिळाले पाहिजे. संमती मोकळेपणाने दिलेली आणि त्या विशिष्ट कामापुरतीच असली पाहिजे. दिलेली संमती जितक्या सहजपणे दिली तितक्या सहजपणे परत घेता आली पाहिजे. काम संपले की माहिती पुसून टाकली पाहिजे. माहिती फुटली तर ज्याची त्याला कळविले पाहिजे. कसूर झाल्यास दंडाची परमावधी २५० कोटी रुपये आहे. ह्या कायद्यात सरकारने स्वतःसाठी मोठ्या पळवाटा राखून ठेवल्या आहेत, आणि त्यावर जाणत्यांनी घेतलेले आक्षेप आम्हांस रास्त वाटतात. परंतु सरकारला सूट आहे म्हणून मंडळाला सूट मिळत नाही.

येथे एक तुलना सुचते. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना करण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरविले, आणि त्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा धरला. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे गणकाने लिहून घेतलेली वैयक्तिक नोंद कोणालाही पाहावयास मिळत नाही. दिवाणी न्यायालयातही ती पुरावा म्हणून मांडता येत नाही. म्हणजे आपली जात जो सरकारी गणक लिहून घेतो तो मौनाने बांधलेला आहे. आणि जी यादी आपण आपल्या हाताने, नावनिशीवार, दूरध्वनीसह तयार करतो तिला कसलेच बंधन नसावे, हे विपरीत होय. निवडणुकीच्या दिवसांत अशा याद्यांना काय भाव येतो हे कार्यकर्त्यांना आम्ही सांगावयास नको.

ह्यावर वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप असतो, ‘आपलीच माणसे, आपल्यात लपवावयाचे काय?’ तरुणांचा दुसरा असतो, ‘सगळी माहिती त्या मोठ्या कंपन्यांकडे गेलेलीच आहे, आता दार लावून उपयोग काय?’ वडिलांच्या आक्षेपात प्रेम आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे कठीण जाते. आपल्या माणसांपासून लपवावयाचे नाहीच. प्रश्न असा आहे की, व्यापारी संस्थेचा संगणक आपल्या माणसांत कधीपासून जमा झाला? तरुणांना एवढेच विचारावेसे वाटते की, तुमच्या मोबाईलला कुलूप का असते?

परंतु ह्या सर्व प्रश्नात ज्यांना कोणी विचारत नाही त्या आपल्या मुली आहेत. वधूवरसूचीचा अर्ज कोण भरतो? वडील भरतात, क्वचित मामा भरतात. छायाचित्र निवडते आई. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, स्वतः मिळवत्या मुलीला आपले वेतन, आपली जन्मवेळ, आपला चेहरा शेकडो घरांत गेल्याचे कळते ते एखाद्या अनोळखी मुलाचा संदेश आल्यावर. सज्ञान मुलीची संमती म्हणजे तिची स्वतःची संमती. कायद्याच्या दृष्टीने तेथे पित्याची सही चालत नाही, आणि कायदा नसता तरी चालू नये. लग्न ठरल्यानंतरही नाव सूचीत राहते. सासरी नांदत असलेल्या मुलीच्या माहेरी ‘स्थळ सुचवितो’ म्हणून फोन येत राहतात. आणि ज्या भगिनींच्या नावापुढे ‘घटस्फोटित’ हा शब्द एकदा छापला, त्यांचा दुसरा संसार सुखाने सुरू झाला तरी तो शब्द पुसावयास कोणी जात नाही. पुस्तक निदान जुने होते, त्याची पाने पिवळी पडतात. यंत्रातला शब्द पिवळा पडत नाही. दहा वर्षांनी तिच्या मुलाने शोधले तरी तो काल लिहिल्यासारखा दिसेल. सूची आपल्या मुलींच्या कल्याणासाठी आहे असे आपण म्हणतो. तर मग आपले नाव त्या सूचीत केव्हा यावे, किती यावे आणि केव्हा निघावे, हे त्यांच्या हातात देण्यास आपली हरकत काय असावी?

असेच आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या पानांविषयी. त्यांचे कौतुक व्हावे, छायाचित्र छापावे. पण अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत कायदा आईबापांची पडताळून घेतलेली संमती मागतो. आणि कौतुकाला शाळेचे नाव पुरेसे आहे, घरचा पत्ता व मोबाईल क्रमांक कशासाठी?

तेव्हा उद्याच्या ठरावास आम्ही उपसूचना मांडणार आहोत. ॲप मंडळाने स्वतःच्या खर्चाने करावे आणि माहिती मंडळाच्या ताब्यात राहावी. ह्यासाठी प्रत्येक कुटुंबामागे थोडी वर्गणी पडेल आणि ती पडू द्यावी. फुकट मिळणाऱ्या ॲपची किंमत आपल्या सूचीने चुकती होणार आहे, आणि ती किंमत वर्गणीहून फार मोठी आहे. जुन्या पुस्तकातील नावे परस्पर यंत्रात उतरवू नयेत. प्रत्येक सज्ञान व्यक्तीला नव्याने विचारावे, आणि एकेका बाबीपुढे ‘द्यावी’ की ‘न द्यावी’ अशी वेगळी खूण करू द्यावी. पत्नीचे माहेरचे आडनाव आणि पूर्ण जन्मतारीख कुटुंबसूचीतून गाळावी. वधूवरांची जन्मवेळ, वेतन व दूरध्वनी दर्शनी ठेवू नयेत; उपाध्यायांच्या वहीप्रमाणे मागणाऱ्याने आधी आपले गाव व आडनाव सांगावे, समोरच्याने होय म्हणावे, मग पान उघडावे. विवाह ठरल्याचे कळताच, किंवा दोन वर्षे झाल्यावर, नोंद आपोआप पुसली जावी. हे सांभाळण्यास कार्यकारिणीतील एक नाव मुक्रर करावे, आणि त्यात एक तरुण भगिनी असल्यास फार बरे. खर्चाचा अंदाज चिटणीसांकडे दिला आहे; तो उद्या वाचला जाईल.

संमतिपत्रकाचा कच्चा मसुदा मंडपाच्या दाराशी ठेवला आहे. तो दोन पानांचा आहे आणि शक्य तितक्या सोप्या मराठीत लिहिला आहे. भोजनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक प्रत घ्यावी, घरातील मुलामुलींना तो आधी वाचू द्यावा, आणि जेथे शब्द अडेल किंवा बाब राहून गेली असे वाटेल तेथे पेन्सिलीने खूण करून प्रत उद्या सकाळी नऊपर्यंत आमच्याकडे परत द्यावी. उपसूचनेस अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे; ज्यांना ती मान्य असेल त्यांनी आपले नाव आज रात्रीच चिटणीसांना कळवावे, एवढी विनंती करून, अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने आम्ही आपली रजा घेतो.